सगळीच घडणावळ

माझ्या अंगावर नऊ गोंदणे आहेत आणि त्या नऊही गोंदणांचा खर्च मी एका वहीत लिहून ठेवला आहे. मी व्यवसायाने कॉस्ट अकाउंटंट आहे. रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात एकेका सुट्या भागाचा परिव्यय, म्हणजे तो तयार व्हायला येणारा खर्च, काढण्यात माझी वीस वर्षे गेली, त्यामुळे एखादी वस्तू नेमकी कशामुळे तेवढ्याला पडते हे कळल्याशिवाय मला स्वस्थ बसवत नाही. वहीत प्रत्येक गोंदणाला एक पान आहे आणि त्या पानावर तारीख, बसण्याचे तास, मजुरी, प्रवास, मुक्काम, घेतलेली रजा आणि जखम भरेपर्यंतचे औषधपाणी अशा नोंदी आहेत. नेरूळहून कामावर जाताना लोकलच्या महिला डब्यात माझ्या हाताकडे बघून शेजारची बाई हमखास विचारते, ‘‘कितीला पडला?’’ मी आकडा सांगते आणि मला कुणीतरी फसवले असावे अशी काळजी तिच्या चेहऱ्यावर दिसते. दोन स्थानकांच्या अंतरात तिला जे सांगता येत नाही, ते इथे लिहिते आहे.

पहिले गोंदण २००३ सालचे. मैत्रिणींबरोबर गोव्याला गेले होते आणि समुद्रकाठच्या एका टपरीत ४०० रुपये देऊन डाव्या हातावर, मनगटाच्या चार बोटे वर, पाच रुपयांच्या नाण्याएवढे फुलपाखरू काढून घेतले. वीस मिनिटांत काम झाले. खपली धरली, पडली, आणि तीन महिन्यांत फुलपाखराच्या कडा निळसर धुरासारख्या पसरल्या. त्याचे कारण मला फार नंतर कळले. आपल्या त्वचेचा वरचा थर सतत झडून नवा होत असतो, म्हणून तिथली शाई टिकत नाही. शाई त्याच्या खालच्या थरात, साधारण एक ते दोन मिलिमीटर खोलीवर बसवावी लागते. सुई त्याहून खाली गेली की शाई चरबीच्या थरात उतरून सैल पसरते आणि मग कुणालाही ती गोळा करता येत नाही. शिवाय मनगटाची कातडी पातळ, दंडाची जाड, त्यामुळे एकाच माणसाच्या अंगावरही हाताचा दाब सारखा ठेवून चालत नाही. एका मिलिमीटरच्या या फरकाची किंमत ४०० रुपयांत धरलेली नव्हती.

ती मी पंधरा वर्षांनी चुकती केली. २०१८ मध्ये ते फुलपाखरू झाकायचे ठरवले तेव्हा वाशीच्या एका तरुण कलाकाराने हात उजेडात धरून बराच वेळ पाहिला आणि सांगितले, ‘‘ताई, असं थेट झाकता येणार नाही. आधी लेझरने फिकं करून या.’’ त्वचेच्या डॉक्टरांकडे दोन महिन्यांच्या अंतराने दोनदा लेझर केले, प्रत्येक वेळी ४,००० रुपये. त्यानंतर १२,००० रुपये देऊन त्याच जागेवर नवे गोंदण झाले. म्हणजे ४०० रुपयांचे फुलपाखरू माझ्या वहीत २०,४०० रुपयांना पडले आहे, आणि दोन लेझरचा दाह त्यात धरलेला नाही.

झाकण्यासाठी चित्र गडद हवे आणि जुन्या चित्राच्या दुप्पट-तिप्पट मोठे हवे. त्याने मला गुलाब, पिसे, मंडले असे बरेच काही दाखवले. मला करवंदाची फांदी हवी होती. करवंदे काळी असतात, गोल असतात, घोसाने लागतात. जुना डाग त्यांच्या पोटात सहज जिरेल, असा माझा हिशेब होता. त्याने करवंदाची जाळी कधी जवळून पाहिली नव्हती. मे महिना होता. ठाणे स्टेशनबाहेर येऊरकडच्या आदिवासी बायका पानांच्या द्रोणात करवंदे विकायला बसतात, तिथून मी दोन द्रोण घेतले आणि एकीला सांगून दुसऱ्या दिवशी काट्यांसकट एक डहाळी मागवून घेतली. त्याने ती टेबलावर ठेवून दोन संध्याकाळी नुसती रेखाटली. समोरासमोर फुटणारी जाड पाने, जोडीने येणारे काटे, पिकलेल्या फळावरची पांढुरकी साय आणि देठ तोडला की येणारा चीक, हे सगळे त्याने कागदावर उतरवले आणि चार वेळा पुसले. आज माझ्या हातावर जे मधले करवंद आहे, त्याच्यावर डावीकडे एक अर्धचंद्रासारखी जागा शाईविना मोकळी सोडली आहे. ती माझी स्वतःची कातडी आहे, आणि तिच्यामुळेच ते फळ ओले दिसते. फुलपाखराचा पंख बरोबर त्या मोकळ्या जागेच्या खाली संपतो. फांदी कोठून वळवायची हे त्या पंखाने ठरवले होते.

काम चालू असताना चार तास मी माझ्या सवयीप्रमाणे त्याला प्रश्न विचारत राहिले आणि त्यानेही काही न लपवता उत्तरे दिली. एकदा वापरून टाकायच्या सुयांची कार्ट्रिजे, शाईच्या टोप्या, हातमोजे, स्टेन्सिलचा कागद, निर्जंतुक करण्याची द्रावणे आणि वरून चिकटवायचा पारदर्शक पापुद्रा मिळून त्या दिवशी सुमारे १,४०० रुपयांचे सामान लागले. गाळ्याचे भाडे, वीज आणि मदतनिसाचा पगार यांचा त्या दिवसापुरता वाटा ३,६०० रुपये. उरले ७,००० रुपये. आता तास मोजू. सुई चालली ते चार तास मला दिसले. पण रेखाटनाचे पाच, मांडामांड आणि साफसफाईचा दीड आणि दीड महिन्याने केलेल्या टच-अपचा एक धरला तर साडेअकरा तास होतात. भागाकार केला तर ताशी ६०० रुपयांच्या आसपास येतात. त्यातून कर, रिकामे जाणारे दिवस, वेळ ठरवून न येणारी गिऱ्हाइके आणि पाठीच्या दुखण्यामुळे आठवड्यातून चारच दिवस काम करता येणे हे सगळे वजा व्हायचे आहे. गिऱ्हाइकाला ताशी ३,००० रुपये दिसतात आणि करणाऱ्याच्या हातात त्याचा पाचवा हिस्साही पुरता पडत नाही.

आपल्याकडे गोंदणाचा भाव बहुतेक ठिकाणी चौरस इंचावर सांगतात आणि मला तो पायाच चुकीचा वाटतो. परिव्ययशास्त्रात खर्च ज्या गोष्टीमुळे वाढतो त्या गोष्टीवर तो आकारावा असा नियम आहे. दोन इंचांचा भरीव काळा चौकोन आणि दोन इंचांत बसवलेला आईचा चेहरा यांचे क्षेत्रफळ एकच असते, पण मेहनत एक असत नाही. इंचाचा भाव लावला की बारीक काम करणाऱ्याचे नुकसान होते आणि चित्र फुगवणाऱ्याचा फायदा होतो. माझ्या ओळखीच्या एका मुलीच्या खांद्यावर वेल नको तितका लांब गेला आहे, त्याचे कारण मला या भावातच दिसते. पण तासांचा भावही पूर्ण न्यायाचा नाही, कारण दहा वर्षे मुरलेला हात जे तीन तासांत करतो त्याला शिकाऊ हात सहा तास लावतो. नुसते तास मोजले तर शिकाऊला दुप्पट पैसे मिळतील आणि मुरलेल्या माणसाला त्याच्या सफाईबद्दल दंड बसेल. म्हणून हे काम कारखान्यातील ‘जॉब कॉस्टिंग’सारखे पाहावे, म्हणजे प्रत्येक कामाचा स्वतंत्र अंदाज काढावा आणि तो आधी सांगावा, असे माझे मत आहे. कलाकारांकडे माझे एकच मागणे आहे, की भाव विचारल्यावर गिऱ्हाइकाच्या पायातले बूट पाहून आकडा सांगू नये.

सोनाराकडे आपण सोन्याचा भाव वर्तमानपत्रात पाहून जातो आणि घासाघीस करतो ती घडणावळीवर. गोंदणात सोने नाहीच. शाई काही थेंबांची, सुया काही रुपयांच्या. बाकी सगळी घडणावळच. ती कमी करायला सांगणे म्हणजे नेमके जे विकत घ्यायला आलो तेच कमी द्या म्हणणे. शिवाय हा दागिना मोडता येत नाही. माझ्याकडच्या कोणत्याही यंत्राला आयुष्य संपल्यावर भंगाराचे म्हणून काहीतरी मूल्य येते, या संग्रहाला तेही नाही. तो विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, लेकीला देता येत नाही. उलट शरीर त्याची देखभाल रोज करत असते. त्वचेतील ज्या पेशी शाईचे कण गिळून धरतात त्या कायम जगत नाहीत. त्या मरतात तेव्हा सुटलेले कण त्यांच्या जागी आलेल्या नव्या पेशी पुन्हा उचलून धरतात, असे फ्रान्समधील संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगातून दाखवले. ते वाचल्यापासून करवंदाकडे पाहताना मला त्या हातोहात दिल्या-घेतल्या जाणाऱ्या कणांची आठवण येते. याच संग्रहापायी मी आणखी एक गोष्ट देते. आमच्या कारखान्यात दर वर्षी रक्तदान शिबिर असते आणि गोंदवून घेतल्यावर पुढचे बारा महिने रक्त देता येत नाही. त्या वर्षी मी नावे लिहून घेण्याच्या टेबलावर बसते. ही नोंद रुपयांत होत नाही, पण वहीत आहे.

आता प्रवासाविषयी. चौथ्या गोंदणासाठी मी २०१६ मध्ये पनवेलहून मांडवी एक्स्प्रेसने थिवीला गेले आणि तिथून म्हापशाजवळच्या एका गावात, नुसत्या ठिपक्यांनी चित्र उभे करणाऱ्या एका बाईंकडे. सात महिने आधी वेळ घेतली होती. मजुरी ६,००० रुपये झाली आणि गाडीभाडे, दोन रात्रींचा मुक्काम, जेवणखाण मिळून ७,८०० रुपये. घरी साहजिकच विचारणा झाली, की वाशीपासून बेलापूरपर्यंत इतकी दुकाने असताना हे चित्र इथे निघाले नसते का. चित्र निघाले असते. त्या बाईंचा हात निघाला नसता. त्यांचे ठिपके खांद्याकडे दाट आणि कोपराकडे विरळ होत जातात आणि कुठेही रेघ नसताना डोळ्याला कड दिसते; ते अंतर त्यांच्या मनगटात आहे, कागदावर नाही. एखाद्याच्या गोंदणाचा फोटो घेऊन दुसऱ्याकडे जायचे आणि ‘हेच स्वस्तात काढून द्या’ म्हणायचे, ही गोष्ट मला चोरी वाटते, आणि ‘मी दुसऱ्याचे काढत नाही’ म्हणून जो कलाकार अशा वेळी हातचे गिऱ्हाईक परत पाठवतो त्याच्याविषयी माझ्या मनात अतिशय आदर आहे. त्या नकारामुळे बुडालेली मजुरी कुणाच्या बिलात लिहिलेली नसते.

फिलिपाइन्सच्या कलिंग प्रांतात बुस्कलान नावाच्या डोंगरी गावात १९१७ साली जन्मलेल्या वांग-ओड नावाच्या बाई राहतात. लिंबाच्या जातीच्या झाडाचा काटा, काजळी आणि पाणी एवढ्यावर त्या हाताने ठोकून गोंदत आल्या. जगभरातून लोक तासन्तास प्रवास करून आणि शेवटी डोंगर चढून त्यांच्याकडे जातात. वयामुळे त्या आता मुख्यतः आपली सही म्हणून तीन ठिपके देतात, मोठी चित्रे त्यांनी शिकवलेल्या नात्यातल्या मुली काढतात. मी तिथे गेलेले नाही. पण तीन ठिपक्यांसाठी एवढा खर्च करणाऱ्या माणसाला मी वेडा म्हणणार नाही. जपानमध्ये पाठभर गोंदण करणारे लोक वर्षानुवर्षे ठरावीक दिवशी एकाच उस्तादाकडे जातात आणि प्रत्येक बैठकीचे पैसे त्या दिवशी देतात, ही पद्धत मला मध्यमवर्गीय माणसाच्या दृष्टीने फार सोयीची वाटते आणि सहावे गोंदण मी अशीच पाच पगारांतून पुरे केले.

वहीतले सर्वांत जास्त खाडाखोडीचे पान डिंडोरीचे आहे. मध्य प्रदेशातील डिंडोरी जिल्ह्यात बैगा आदिवासींची वस्ती आहे. त्यांच्यात मुलींच्या कपाळावर लहानपणीच गोंदतात आणि पुढे वय वाढेल तसे हात, पाय, पाठ भरत जाते. गोंदण्याचे काम बादी समाजाच्या बायका करतात. २०१९ च्या डिसेंबरात मी कल्याणहून रेल्वेने जबलपूरला आणि तिथून बसने कुंडम-शहापुरामार्गे डिंडोरीला गेले. एका शिक्षकांनी ओळख करून दिली होती. गोंदणाऱ्या बाई पहाटे निघून चालत आल्या. त्यांनी रामतिलाच्या, म्हणजे आपल्या कारळ्याच्या तेलावर धरलेले काजळ आणले होते. सुयांविषयी मी आधीच मोकळेपणाने बोलले होते, कारण काविळीचा किंवा एचआयव्हीचा विषाणू परंपरेला मान देत नाही. मी नव्या सुयांची पाकिटे नेली होती, त्या त्यांनी माझ्यासमोर उकळून दोऱ्याने एकत्र बांधल्या. पोटरीवर काडीने आधी रेघा ओढल्या आणि मग सुयांचा जुडगा त्या रेघांवरून खालीवर चालू लागला. त्याचा आवाज येतो. चिरमुऱ्यांवरून कुणी अलगद चालावे तसा तो बारीक आवाज होता. मी यंत्राची सवय झालेली बाई. कागदांच्या प्रती काढण्यासाठी एडिसनने बनवलेल्या विजेच्या पेनवरून न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओरायली यांनी १८९१ मध्ये गोंदण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले, आणि तेव्हापासून जगाने गोंदणाचा वेळ ज्या यंत्राने मोजला ते यंत्र त्या ओसरीत नव्हते.

अडीच तासांनी त्यांनी हळद आणि तेल लावले, हात धुतले आणि मी विचारले, किती द्यायचे. त्या म्हणाल्या, ‘‘जो बने, दे देना.’’ मी पुन्हा विचारले. तेच उत्तर आले. इतकी वर्षे दुसऱ्यांच्या वस्तूंचे दर काढणारी मी तिथे अडून बसले. शिक्षकांनी मला बाजूला घेऊन सांगितले, की शहरातून येणारी माणसे एक तर २०० रुपये टेकवतात किंवा ५,००० देऊन मोकळी होतात, आणि दोन्हींमुळे या बायकांच्या आपसांत कटकटी होतात. गावातल्या मुलींचे काय, असे मी विचारले. पूर्वी धान्य मिळायचे, आता थोडे पैसे आणि कधी लुगडे. गावच्या पोरींचा भाव वेगळा आहे आणि तो वेगळाच राहणार, असे बाईंनी स्वतःच सांगितले. एकाच कामाचे दोन दर असणे कारखान्यात मी लेखापरीक्षकाला समजावू शकले नसते, पण तिथे मला ते पूर्ण बरोबर वाटले. मग मी वाशीचे करवंद आठवले. सुई चालली तो वेळ, काजळ धरण्याचा वेळ आणि येण्याजाण्याची पायपीट मिळून चार तासांहून थोडे अधिक, आणि वाशीच्या मुलाच्या हातात खऱ्या अर्थाने पडणारे ताशी ६०० रुपये. मी २,५०० रुपये दिले. त्यांनी ते न मोजता कमरेला खोचले. ते थोडे होते की फार, याचा निकाल मला अजून लावता आलेला नाही. पानावर ‘दर’ या रकान्यात मी आकडा लिहून दोनदा खोडला आहे.

परतीच्या गाडीत मला माझी आजी आठवली. ती मुरबाड तालुक्यातली. तिथल्या म्हसा गावच्या यात्रेत, गुरांच्या बाजाराच्या कडेला बसलेल्या गोंदणारणीकडून तिच्या वडिलांनी तिच्या हातावर तुळस काढून घेतली तेव्हा ती सात-आठ वर्षांची होती. सुई टोचायला लागल्यावर तिने इतका आकांत केला की गोंदणारणीने काम अर्धवट सोडले. तिच्या हातावरच्या तुळशीला उजवीकडे चार पाने होती आणि डावीकडे तीनच. ‘‘दोन पायल्या भात ठरला व्हता आन् दोन पायल्याच दिला,’’ असे ती ऐंशीच्या घरात असतानाही सांगायची, ‘‘बाबानं एका पानाचा भात कापला नाही.’’ चौथे पान नसलेली ती जागा ती बोटाने दाखवायची.

गेल्या महिन्यात करवंदांचे एक फळ मला फिके वाटू लागले. उन्हात रोज ये-जा असते आणि त्या फळाखाली लेझर झालेले आहे, त्यामुळे तिथली शाई थोडी लवकर उडाली. वाशीला गेले. गाळा आता मोठा झाला आहे, भाडेही वाढले आहे आणि भिंतीवर दरपत्रक लावले आहे, हे पाहून बरे वाटले. त्याने हात पुन्हा तसाच उजेडात धरून पाहिला आणि अर्ध्या तासात ते फळ भरून दिले. पैसे काढले तर म्हणाला, ‘‘ताई, आपल्याच कामाच्या टच-अपचे पैसे मी घेत नाही.’’ मी त्याला विचारले, की आज कार्ट्रिज किती वापरली, भाडे किती वाढले आणि हा अर्धा तास दुसऱ्या कुणाला दिला असता तर काय मिळाले असते. तो काही वेळ बोलला नाही. मग त्याने दरपत्रकाकडे पाहिले आणि बिल लिहिले. रात्री घरी येऊन मी करवंदाचे पान उघडले आणि २०,४०० च्या खाली नवी ओळ लिहिली: देखभाल, १,५०० रुपये.